लॅगरचा श्वास

आमचे हे लॅगर होते. हा शब्द गावाकडं कुणाला कळत नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मलाही कळला नव्हता. मुलाकडच्यांनी एवढंच सांगितलं होतं, वाळूजला कंपन्यांत कामाला आहे, वाफेच्या पायपांचं काम करतो. माझ्या वडलांना वाटलं, नळ जोडणारा असेल. बजाजनगरला एका खोलीत संसार मांडल्यावर मीच एकदा विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?"

यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि मन लावून सांगायला सुरुवात केली. "बॉयलरमधून वाफ निघती. ती पायपातून अख्ख्या कंपनीत फिरती. पाइप उघडा ठेवला तर वाफ वाटंतच गार होती, अन् माणसाचा हात लागला तर सालटं निघतं. म्हणून त्याला वरून जाड थर द्यायचा. आधी दोरी गुंडाळायची, मग लेप, त्याच्यावर पत्रा. त्याला लॅगिंग म्हणत्यात."

"दोरी कशाची?"

"ॲस्बेस्टॉसची. जळत नाय ती. कितीबी तापव."

ती दोरी यांनीच शोधून काढली असावी, अशा थाटात हे सांगायचे.

तेव्हा वाळूजला रोज नवी कंपनी उभी राहत होती, आणि जिथं बॉयलर बसायचा तिथं यांना बोलावणं यायचं. हे एकटे कधीच जायचे नाहीत. सोबत एक मिस्त्री असायचे, शहागंजच्या मागच्या गल्लीत राहणारे. यांनी काम त्यांच्याकडूनच उचललं. एकानं दोरी ताणून धरायची, दुसऱ्यानं ठोकत ठोकत बसवत न्यायची, असं ते जोडीचं काम होतं. मी मिस्त्रींना भाईजान म्हणायची, ते मला भाभी. दुपारी दोघं बॉयलर हाऊसच्या पायरीवर बसून एकाच डब्यातून जेवायचे. कोरड्यासाला तिखट कमी पडलं तर संध्याकाळी निरोप यायचा, "भाईजान म्हणत होते, आज भाभी रुसली का?"

संध्याकाळी हे घरी यायचे ते पांढुरके होऊन. भुवयांवर, कानांत, केसांत बारीक धूळ. शर्ट-पँट मी दारातच घ्यायची, पायरीवर दोनदा आपटायची, झटकायची आणि मग बादलीत भिजवायची. मावळतीच्या उन्हात ती धूळ चमचम करत तरंगायची. शेजारणी म्हणायच्या, तुझा नवरा पिठाच्या गिरणीत आहे का? मी म्हणायची, नाही, बॉयलरवर आहे. बॉयलर हा शब्द उच्चारताना माझी मान जराशी ताठ व्हायचीच.

एका दसऱ्याला कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना पूजेला बोलावलं होतं. बॉयलरला झेंडूचे हार घातलेले, दारावर आंब्याची पानं, आणि आत असा घुमणारा आवाज की पोटात जाणवत होता. हे मला एका पायपेजवळ घेऊन गेले. ती भिंतीतून येऊन गुडघ्यासारखी वळून वर गेली होती. म्हणाले, "हात लाव."

"भाजंल की."

"लाव म्हणतो ना."

मी डोळे मिटून तळहात टेकवला. आत उकळती वाफ धावत होती आणि हाताला लागत होती नुसती कोवळी ऊब, उन्हात ठेवलेल्या गाडग्यासारखी. हे बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते. पलीकडून जाणारे एक साहेब थांबले आणि मला म्हणाले, "बाई, सरळ पायपेला कुणीही गुंडाळेल. वळण यांनीच करावं." घरी येताना यांनी सायकल अशी चालवली की मागं बसलेल्या मला साडी सावरत बसावं लागलं.

पुढं पुढं ॲस्बेस्टॉस कमी झालं, काचेची लोकर आली. कुणी कारण सांगितलं नाही. कधीतरी एखादा सुपरवायझर म्हणायचा, तोंडाला रुमाल बांधा रे. बॉयलरच्या उष्णतेत रुमाल घामानं भिजायचा, श्वास कोंडायचा, मग तो गळ्यात यायचा. असं करत करत नोकरीची वर्षं सरली. यांच्या कामावर आमचं घर झालं, मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली.

काम सुटल्यावर यांना जिना चढताना धाप लागायला लागली. कोरडा खोकला तर आधीपासूनच होता. आम्ही म्हणायचो, वय झालं. एके दिवशी सकाळी भाजीची पिशवी घेऊन येताना हे क्रांती चौकातच खाली बसले. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाले. रिक्षावाल्यानंच दवाखान्यात नेलं. तपासणी झाली, हृदयाच्या नळ्या जागोजाग बुजल्या होत्या. बायपास करावी लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. यांनी ते चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे चोक झालेली लाइन तशीच ठेवायची अन् बाजूनं नवी टाकायची."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"मग करा की. आम्ही चालू कंपनीत असं लई केलंय."

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली करून म्हणाले, हृदय छान चालतंय. मुलगी रडली, मी देवाचं नाव घेतलं. आमच्या लेखी सगळं संपलं होतं.

पण संपलं नव्हतं. श्वासाची नळी काढली की यांना दम लागायचा, ओठ निळसर पडायचे आणि नळी परत घालावी लागायची. डाव्या बाजूला फुफ्फुसाभोवती पाणी साचत होतं. सुईनं काढलं की पुन्हा भरायचं. ऑपरेशननंतर थोडं पाणी होतंच, असं आधी नर्सबाई सांगायच्या. मग त्यांनी ते सांगणं बंद केलं. मी काचेतून बघायची. एवढा दांडगा माणूस, छातीवर मधोमध पट्टी, आणि श्वास घेणारं मशीन वेगळंच.

तिथल्या बाकावर बसून मी काय काय नवस बोलले ते इथं सांगत नाही.

मग एका दुपारी सर्जननी मला आणि मुलीला खोलीत बोलावलं. समोर उजेडावर छातीचा फोटो लावलेला. म्हणाले, "मावशी, एक विचारतो. मी छाती उघडली तेव्हा बरगड्यांच्या आतल्या अंगाला पांढरे, कडक चट्टे दिसले. मेणबत्तीचं मेण सांडून थिजावं तसे. फुफ्फुसावरचं आवरणही जाड झालंय. हे काम काय करायचे?"

मुलगी म्हणाली, "कंपनीत होते."

मी तिला थांबवलं. म्हटलं, "लॅगर होते. वाफेच्या पायपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. पावडर पाण्यात कालवून लेप लावायचे. घरी यायचे तर पिठात लोळल्यासारखे असायचे."

सर्जननी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"जवानी सगळी त्यातच गेली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या दोरीचे तंतू इतके बारीक असतात की श्वासातून आत जातात आणि तिथंच रुतून बसतात. वर्षानुवर्षं काही दिसत नाही. आत मात्र आवरण जाड होत जातं, फुफ्फुस चामड्यासारखं आखडतं. एरवी हा माणूस धापा टाकत का होईना, चालला असता. पण एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर फुफ्फुसाला पुन्हा फुलावं लागतं, आणि यांचं डावं फुफ्फुस खालच्या बाजूला दुमडून चिकटलं होतं. ते उघडत नव्हतं.

"बरं झालं तुम्ही नीट सांगितलंत," ते म्हणाले. "आता कुठल्या दिशेनं जायचं ते कळलं. त्या पाण्याची तपासणी करावी लागेल. अशा धुळीनं कधी कधी गाठीचा आजार, म्हणजे कॅन्सर, होतो. तो नाही ना, ते आधी बघू."

मग एकदम विचारलं, "कपडे कोण धुवायचं?"

"मीच. झटकून मग धुवायची."

त्यांनी पेन परत उचललं. "मावशी, तुमचाही फोटो काढून घेऊ."

मला तेव्हा स्वतःची भीती वाटली नाही. मनात दुसरंच घोळत होतं. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग यांनी जन्मभर वाईट काम केलं का?"

"नाही मावशी. काम चांगलंच केलं. यांना सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही."

हे वाक्य मी धरून ठेवलं. पाण्याचा निकाल यायला वेळ लागला, त्या सगळ्या वेळात माझ्याजवळ तेवढंच होतं. निकाल आला, गाठीचा आजार नव्हता. माझ्या फोटोत एका कडेला लहानसा चट्टा निघाला. त्रास काही नाही, दरवर्षी दाखवत जा, असं सांगितलं. मुलगी माझा हात सोडेना. मी म्हटलं, अगं, एवढी वर्षं झटकलंय, थोडं माझ्या वाट्याला यायचंच.

पाणी काढायला यांच्या बरगड्यांत नळी बसवली, औषधं बदलली, आणि श्वासाची नळी एकदाची सुटली ती सुटलीच. आवाज घोगरा झाला होता. पहिला शब्द चहा.

नंतरचं काम डॉक्टरांचं नव्हतं, यांचं होतं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, आमच्या लेकीहून लहान. तिनं प्लास्टिकचं एक खेळणं हातात दिलं. तीन खणांत तीन गोळे. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळे वर गेले पाहिजेत. यांनी ओढला. पहिला गोळा थरथरला, अर्धा उठला आणि खाली पडला. यांनी खेळणं उलटंसुलटं करून पाहिलं.

"पोरी, ह्यात कुठंतरी लीकेज आहे."

तिनं त्याला दुसरी नळी लावून स्वतः ओढलं. तिन्ही गोळे टक्कन वर चिकटले. "नाही काका. यात नाहीये."

यांचा चेहरा उतरला. मी यांना आजवर कुठल्याही कामात हरलेलं पाहिलं नव्हतं. ती मुलगी हुशार होती. म्हणाली, "काका, तुमच्या बॉयलरला एकदम फुल प्रेशर देता का?"

"नाय. हळूहळू चढवायचं."

"मग तसंच."

त्या दिवसापासून यांनी ते अंगावर घेतलं. खोकला आला की छातीच्या टाक्यांवर उशी घट्ट धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण खोकायचं. मग परत नळी तोंडात. घरी आल्यावर माझा नियम होता, आधी गोळा, मग चहा. हे कुरकुर करायचे, "इतकी कडक तर कंपनीतबी कुणी नव्हतं." पहिला गोळा वर टिकायला लागला तेव्हा यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. मी पीठ लागलेल्या हातानंच आले. गोळा वर होता, यांचे गाल आत गेलेले, डोळे माझ्याकडं. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो लेकीच्या निकालालाही वाटला नव्हता. हे मी तिलाही सांगितलंय.

थोडे दिवस गेले आणि भाईजान भेटायला आले. काम सुटल्यावर त्यांनी जुन्या लोखंडाचं दुकान टाकलं होतं. आले ते खुशीत. "दोस्त, एक खबर सुन. ती बंद पडलेली कंपनी आहे ना, तिच्या बॉयलर हाऊसच्या पायपा मीच उचलल्या. सगळ्या आपल्या हातच्या. आज पोरं लॅगिंग काढायला बसली, मग लोखंड मोकळं."

यांनी विचारलं, "कशानं काढायला बसली?"

"हातोडा-छिन्नी. और कायसे?"

"मिस्त्री, ते बंद कर. आत्ता."

भाईजान हसले. "कायकू? जिंदगीभर आपण त्याच धुळीत बसून जेवलो. आपल्याला काय झालं?"

यांनी शर्टाची बटणं काढली आणि छाती दाखवली. भाईजान म्हणाले, "वो तो दिल का है."

"दिलाचं हाय. फुफ्फुसाचं ह्याच्यात हाय," असं म्हणून यांनी टेबलावरचं खेळणं त्यांच्यापुढं सरकवलं. "माझा एक गोळा वर ऱ्हातो. तू तर तगडा हायस. तिन्ही उचलून दाखव."

मी नळी धुऊन पुसून दिली. भाईजाननी मिशीवरून हात फिरवला, नळी तोंडात धरली आणि जोरात ओढलं. पहिला गोळा वर गेला. दुसरा जागचा हलला आणि बसला. त्यांनी परत ओढलं, आणि मग जो खोकला सुटला तो थांबेना. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर ते त्या गोळ्यांकडं बघत बसून राहिले.

शेवटी तेच म्हणाले, "भाभी, रिक्षा बुलाव."

डॉक्टरांनी यांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. मी अडवलं नाही. फक्त यांच्या तोंडाला दवाखान्यातला चांगला मास्क बांधला आणि स्वतःही बांधून सोबत निघाले. दुकानामागच्या वाड्यात पायपांची रास पडली होती. चार-पाच गडी उकिडवे बसून ठोकत होते, आणि हवेत तीच धूळ, माझ्या ओळखीची. हे दाराबाहेरच थांबले. ओरडायला दम नव्हता. भाईजान आत गेले, एकेकाच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि म्हणाले, "बस. खलास. आज काम बंद."

गडी बाहेर आले. एक म्हणाला, "चाचा, आमचा रोज बुडंल."

"रोज मिळेल. इकडं या अन् हा काय सांगतो ते ऐका."

हे रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले. वाक्यावाक्याला थांबून, श्वास घेऊन बोलत होते. "ही दोरी मी गुंडाळलेली हाय. ह्या मिस्त्रीनं अन् मी. काम एक नंबर झालं, ते आजबी कुणी नाकारणार नाय. पण ह्याची धूळ माझ्या छातीत बसली, अन् ती निघत नाय. तुम्ही जवान हायत. कोरडं फोडू नका. ज्यांना हे काम येतं त्यांना बोलवू."

गडी ऐकत होते. यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ते दिसत होतं, म्हणून जास्त सांगावं लागलं नाही.

माझं लक्ष पलीकडं गेलं. गड्यांच्या बायका पत्र्याच्या खोल्यांपुढं चुली पेटवत होत्या. एकीनं नवऱ्याचा शर्ट हातात घेतला होता, झटकायच्या बेतात. मी जवळजवळ धावतच गेले. म्हटलं, "बाई, थांब. झटकू नको. तसाच पाण्यात बुडव. लेकरांच्या कपड्यांत मिसळू नको."

ती घाबरली. "का हो मावशी?"

मी तिला माझं सगळं सांगितलं. बाकीच्या दोघी-तिघी गोळा झाल्या. एवढ्या बायकांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण शब्द आपोआप येत होते. आम्ही मिळून ते कपडे घमेल्यांत पाण्याखाली बुडवले, वर दगड ठेवला, आणि गड्यांना अंगावर पाणी घेतल्याशिवाय खोलीत जाऊ दिलं नाही. त्यातली एक अजून रस्त्यात भेटली की थांबून बोलते.

भाईजाननी ती रास ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि नीट चौकशी करून असं काम करणारी माणसं बोलावली. ती आली त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या पलीकडं, वाऱ्याच्या उलट बाजूला, चहाच्या टपरीवर बसलो होतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, तोंडावर मोठे मास्क. आधी सगळं पाण्यानं भिजवलं, मग जपून कापायला लागले, तुकडे जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून वर दुसरी पिशवी.

भाईजान म्हणाले, "अन् आपण? बनियनवर केलं ना रे."

"व्हय. बनियनबी फाटकं."

दोघं हसले, आणि हसता हसता दोघांनाही खोकला लागला. आत त्या माणसांची एका पायपेशी झटापट चालली होती. दोरी सुटत नव्हती. एकानं दुसऱ्याला मदतीला बोलावलं, मग तिसऱ्याला. हे कपातला चहा विसरून मान उंच करून बघत होते. मिस्त्रींच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "सुटंना त्यांना."

"कैसी सुटेगी," भाईजान म्हणाले.

मी दोघांकडं पाहिलं. त्या दोरीनं यांचं अर्धं फुफ्फुस खाल्लं, मला डाग दिला, आणि तरी त्या घडीला माझाही ऊर भरून आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एक सोडून दे, असं मला कुणी सांगू नये.

भाईजाननी दुसऱ्याच आठवड्यात फोटो काढला. त्यांच्याही छातीत चट्टे निघाले, यांच्यापेक्षा कमी. आता दोघांनी मिळून जुन्या सोबत्यांना शोधायचं काम घेतलंय. कुणी गंगापूरला, कुणी पैठणला, कुणी इथंच नातवंडं सांभाळत बसलेला. हे फोन करतात, खुशाली विचारतात आणि मग म्हणतात, "एकदा छातीचा फोटो काढ. डॉक्टरला सांग, मी लॅगर होतो." काहीजण ऐकतात, काही हसून टाळतात. टाळणाऱ्याला हे आठवड्यानं परत फोन लावतात. बोलताना मधेच दम घ्यायला थांबावं लागतं, तेव्हा फोन माझ्याकडं देतात आणि पुढचं मी सांगते.